चढाकडून माप

छातीइतकी उंची.

तांदूळ निवडायचे राहिलेत.

मे महिन्यात कौलं तापली की घरात एक आवाज होतो, कुणी बोटं मोडल्यासारखा.

पुरातन म्हणजे पन्नासच्या पुढे. मी त्रेपन्न.

शाळेच्या किल्ल्या सुट्टीभर माझ्याकडेच.

दोन मीटर एकाहत्तर.

उजव्या पायाला मुंग्या.

लांजेकर काकूंनी आत्ता हाक मारली की काल मारली होती?

रविवारची दुपार आहे. जेवण झालंय. पडवीतल्या बाकावर मी आडवी आहे आणि एवढंच ठरवलंय की डोळे मिटायचे, झोपायचं नाही. पोटावर कागद आहे, शुक्रवारी नगरपरिषदेतून आलेला. घरामागच्या उतारावरचा फणस घेरावरून पन्नास वर्षांहून जुना ठरतो, म्हणून तो पुरातन वृक्ष, म्हणून तो काढायची परवानगी इथे मिळणार नाही, फाईल वरच्या प्राधिकरणाकडे जाईल. वर म्हणजे कुठे आणि किती दिवस, ते लिहिलेलं नाही.

फणस मात्र खाली बघतोय. गेल्या पावसात त्याच्या मुळांखालची माती सरकली आणि तो लांजेकर काकूंच्या स्वयंपाकघराकडे कलला. काकू एकट्या राहतात आणि स्वयंपाकघरातच झोपतात, कारण तिथे गार लागतं. मृग लागायला बारा दिवस आहेत.

डोळे मिटतात.

आबा पडवीच्या पायरीवर बसून तळपायांना तेल चोळतायत.

आबा म्हणजे माझे वडील, धाकू शिवगण. बाकीचे लोक झाड तोडायचे, आबा झाड उतरवायचे. शेंड्यापासून सुरुवात, एकेक फांदी दोराला बांधून खाली, शेवटी बुंधा. आमचं सगळं गाव उतारावर आहे. इथे प्रत्येक झाडाखाली कुणाचं तरी छप्पर असतं. आबांच्या दोरावरून सुटून एकही फांदी कुणाच्या कौलावर आलेली मी पाहिली नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले. अंथरुणात, तापाने. झाडावरून पडले का, असं लोक विचारतात, म्हणून आधीच सांगते.

"झोपलीस काय गो बाय?"

"नाही. नुसते डोळे मिटलेत."

"मग घोरतंय कोण?"

आबा हसतात. त्यांना सगळे दात आहेत. शेवटच्या वर्षी नव्हते.

"कागद कसला?"

"फणसाचा. परवानगी नाही दिली."

"कुणी?"

"नगरपरिषदेनं."

"आणि फणसानं?"

"त्याच्यावर नोटीस चिकटवली होती, सात दिवस. कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून."

"त्यानं वाचली काय ती?"

अर्जदाराचे नाव: रंजना धाकू शिवगण.
झाडाची जात: फणस, कापा.
काढण्याचे कारण: खालील घरास धोका.
झाड कोणी लावले: ही ओळ अर्जात नाही, मी आत्ता घातली.

आबा पायरी उतरतात, मी त्यांच्या मागे. पायरीखाली नगरपरिषद आहे.

तिथल्या लांब बोळाला उतार आहे, आमच्या घरामागे आहे तेवढाच. टेबलांच्या खालच्या पायांखाली जांभ्याचे तुकडे सारलेत. कारकून एक पाय ताणून, एक दुमडून बसलेत आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. फायली घसरू नयेत म्हणून त्यांना दगडांचा बांध घातलाय. वरच्या टोकाला वृक्ष अधिकारी चौगुले आहेत. तेच, जे फेब्रुवारीत पाहणीला आले होते. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे. त्या दिवशी नवे बूट घालून आले, दोनदा घसरले, आणि मग खालीच उभे राहून मी सांगितलेला आकडा त्यांनी लिहून घेतला. त्यांना दोष देत नाही. मी शाळेत गणित शिकवते, आणि शिवगणांची मुलगी आहे. झाडाच्या मापाबाबत मला कोण उलट विचारणार? मीही मोठ्या तोऱ्यातच सांगितला होता आकडा.

"मॅडम, दोन मीटर एकाहत्तर हा घेर तुम्हीच दिलाय," चौगुले म्हणतात.

"मीच दिलाय. बरोबर आहे."

आबा बांधावरून वाकतात आणि फायलींतून माझा अर्ज नेमका उचलतात. आबांना वाचता येत नसे. इथेही येत नाही. ते कागद उन्हाकडे धरतात.

"अक्षर बघा," ते चौगुल्यांना म्हणतात. "माझ्या मुलीचं."

"हो काका, पण घेर बघता..."

"आधी अक्षर बघा."

चौगुले बघतात. शेजारचा कारकून चष्मा लावून बघतो. अर्ज टेबलाटेबलावरून खाली सरकत जातो आणि प्रत्येक जण मान हलवून पुढे देतो. पंचायतीतला, शाळेतला, बँकेतला प्रत्येक कागद आबा असेच सगळ्यांना दाखवायचे. मी तेव्हा लाजून मरायचे. आत्ता उभी आहे.

अर्ज परत हातात आल्यावर आबा माझ्या कानाशी येतात. आवाज खाली.

"माप कुठनं घेतलंस?"

"छातीवर. छातीइतक्या उंचीला घेर घ्यायचा, असा नियम आहे."

"छाती कुणाची?"

"माझी."

"आणि उभी कुठे होतीस?"

शुक्रवारी कागद वाचताना जे खटकलं होतं, ते हेच. तीन दिवस मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

"खाली," मी म्हणते. "घराच्या बाजूला. तिथे जरा सपाट आहे."

आबा अर्जाची घडी करून स्वतःच्या खिशात ठेवतात.

"गणिताच्या बाई," ते म्हणतात, आणि चालू लागतात.

उतारावर उभ्या झाडाला खालून छाती लावली, तर छाती बुंध्याच्या मुळाजवळच्या फुगीर भागाला लागते आणि घेर जास्त भरतो. वरून लावली तर बुंधा जिथे सरळ होतो तिथे. हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं.

अंदाजे वय:

पंगत बसलीय. फणस अजून नाही, नुसता मोकळा चढ आहे आणि त्यावर धाकट्या मामाच्या लग्नाची पंगत, एकाखाली एक, पायऱ्या पायऱ्यांनी. वरच्या ओळीतलं कुणाचं पाणी सांडलं की ते खालच्या ओळीत येतं आणि लोक पत्रावळी उचलून ते पुढे जाऊ देतात. पंगतीच्या टोकाला मी आहे, अकरा वर्षांची, रिबिनी सैल झालेल्या. लांजेकर काकू गरे वाढतायत. काकू आज ऐंशीला टेकल्यात आणि धडधाकट आहेत. इथे मात्र त्या पस्तिशी ओलांडलेल्या आहेत, हिरव्या लुगड्यात.

"काकू, तो फणस तुमच्यावर पडेल हो," मी त्यांना सांगते.

"कुठला फणस?"

"होणार आहे तो."

"पडू दे. पिकल्यावर पड म्हणावं, कच्चा नको." त्या माझ्या पानात दोन गरे जास्त टाकतात. "आणि पडतोय कसला? तुझा बाप आहे ना उतरवायला."

"आबा गेले, काकू."

"गेले तर गेले. दोर ठेवून गेलेत ना?"

मामाच्या शेजारी बसलेले आबा, काळ्या केसांचे, तोंडातली आठळ, गऱ्याची बी, काढतात आणि न बघता पाठीमागे टाकतात. ती चढावर दोनदा उडते आणि थांबते.

"बघितलंस?" आबा विचारतात.

"बघितलं."

"साल?"

"मामाच्या लग्नपत्रिकेवर आहे. आईच्या ट्रंकेत ठेवलीय."

अकरा. त्रेपन्न. वजाबाकी तोंडी येते. बेचाळीस. फणस पुरातन नाही. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे.

पत्रावळी उचलल्या जातात आणि त्यांच्या खालून झाड वर येतं, भराभर, दूध उतू जातं तसं, आणि कलून थांबतं. त्याच्या अंगाखांद्यावर फणस लगडलेत. बुंध्यावर नोटीस आहे, तिच्यावर माझं नाव आहे, आणि मुंग्या माझ्या नावावरून जातायत.

मी सरळ त्याच्याकडे निघते.

"तिथनं नाही," आबा म्हणतात.

ते लांबचा वळसा घेतात. बांधाला हात लावत, दगडी गडग्याच्या फटीत बोटं घालत चढतात आणि झाडाच्या वरच्या अंगाला येतात. मीही तशीच जाते. वरून बघितल्यावर फणस वेगळाच दिसतो. बारीक, आणि थोडा बिचारा.

"उतारावरच्या झाडाकडे वरनंच जायचं," आबा सांगतात. "खालनं ते आहे त्याच्यापेक्षा मोठं दिसतं. मग माणूस घाबरतो. आणि घाबरला की दोर वाईट बांधतो."

त्यांच्या हातात कुऱ्हाड आहे. ती ते बुंध्याला नुसती टेकवून उभी करतात, पातं जमिनीकडे, दांडा झाडाला. हे ते नेहमी करायचे, कामाच्या आदल्या दिवशी. उद्या येतो, पाखरांना सांग, असं झाडाला म्हणायचे आणि घरी यायचे. सकाळी कुऱ्हाड उभी असली तर झाडाचं हो. आडवी झाली असली तर त्या दिवशी हात लावायचा नाही. आयुष्यात दोनदा आडवी झाली. दोन्ही वेळा मालक समोर उभा असताना आबा कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत आले.

"उद्या येतो," आबा फणसाला सांगतात.

इथे उद्या लगेच येतो. ऊन एकदा जातं आणि परत येतं. कुऱ्हाड उभी आहे.

"टेप काढ."

"टेप चौगुल्यांकडे राहिली."

"मग ओढणी दे."

मी ओढणी देते. ते ती बुंध्याभोवती घालू लागतात आणि थांबतात.

"माझी छाती नको. मी कुठे आता मापण्यासारखा राहिलो. तू उभी राहा."

मी फणसाला वरच्या अंगाने छाती लावते. साल गरम आहे. गाल टेकल्यावर आत काही तरी चालल्यासारखं वाटतं, पाणी असेल किंवा माझंच रक्त. आबा ओढणीचं एक टोक माझ्या हातात देऊन वळसा घालतात आणि दुसरं टोक घेऊन पलीकडून येतात. दोन्ही टोकं जेमतेम भेटतात. आबा गाठ मारतात. दोन वेढे, टोक खालून आत, आणि अंगठ्याने दाब. दोराला ते हीच गाठ मारायचे. माणसाच्या वजनाने सुटत नाही आणि एका बोटाने सुटते. मला ती कधी जमली नाही. किती वेळा दाखवली असेल त्यांनी.

"सांगशील ना त्यांना?" गाठ मारता मारता ते विचारतात.

"काय?"

"चुकलं म्हणून."

"धाकू शिवगणांच्या मुलीनं झाड खालनं मापलं, हे सांगू? आबा, गावभर होईल. तुमचं नाव..."

"माझं पहिलं झाड मी खालनंच चढलो होतो."

मी त्यांच्याकडे बघते.

"सावंतांचा गोठा गेला," आबा म्हणतात. "म्हैस बाहेर होती म्हणून वाचली. सहा महिने मला कुणी बोलावलं नाही."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"विचारलंस कधी?"

ते हसतायत, सगळे दात दिसतायत. त्यांना जराही लाज वाटत नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते जन्मतःच चुकत नव्हते, आणि त्याचा मला अभिमान होता. गोठा पाडून, सहा महिने घरी बसून, पुन्हा वरच्या अंगाने जायला शिकलेला हा माणूस मला त्याहून उंच दिसतो. मला त्यांचा हात धरायचा आहे. पण माझे हात झाडाभोवती आहेत.

"तू सोड आता," ते म्हणतात. "गाठ बसली."

"रंजू, ए रंजू, चहा टाकलाय. येतेस की मी पिऊ दोन्ही?"

ही हाक खरी आहे, लांजेकर काकूंची, खालून. साडेचार वाजलेत. कागद जमिनीवर पडलाय. पडवीत कुणी नाही.

ओढणी माझ्या मांडीवर आहे. तिची दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली आहेत. दोन वेढे, टोक खालून आत.

मी ती सोडत नाही. कपाटातून शिवणाची टेप काढते आणि गाठीपासून गाठीपर्यंत कडेकडेने मोजते. दोन मीटर आठ. मग पुन्हा एकदा. दोन मीटर आठ. उद्या सोमवार. ओढणी तशीच पिशवीत घालून नेईन, आईच्या ट्रंकेतली पत्रिका नेईन, आणि नगरपरिषदेच्या खिडकीपाशी रांग असली तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन की माप मी चुकीच्या बाजूने घेतलं, चढाकडून पुन्हा घ्या, चौगुल्यांना म्हणावं जुने बूट घालून या.

काकूंकडे जायला मी पायऱ्या उतरते.

सावंतांचा गोठा पाडणाऱ्या आबांनीच १९८८ साली शाळेच्या छपरावर कललेला शिरीष उतरवला, तेव्हा आत तिसरीचा वर्ग भरलेला होता आणि बाईंनी सतराचा पाढा थांबवला नाही.