डॉक्टरला मृत ठरवणारं ॲप

सेलूला घरी बसून मी एका परदेशी कंपनीचं प्रोग्रॅमिंग करते. आजूबाजूला या कामाबद्दल बोलायला कुणी नाही, म्हणून तंत्रज्ञानाच्या बातम्या वाटणाऱ्या एका मराठी ऑनलाइन गटात शिरले. तिथे कुणाला किती कोटींचं भांडवल मिळालं याच्या बातम्या पडायच्या आणि शेकडो लोक टाळ्या वाजवायचे. ॲप उघडून बघण्याची तसदी क्वचितच कुणी घ्यायचं.

गटाचा प्रमुख मूळचा आमच्याच सेलूचा, आता पुण्यात स्टार्टअप चालवणारा. एकदा त्याने स्वतःचीच बातमी टाकली: ग्रामीण माणसाचं बोलणं समजून दवाखान्याची वेळ ठरवून देणारं ॲप. गटाने त्याला डोक्यावर घेतलं.

माझ्या आत्याचे गुडघे दुखत होते. मी ॲप उतरवून घेतलं, पडद्याचं चित्रण सुरू केलं आणि फोन तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "मले डाक्टरले गुडघा दाखवाचा हाये."

पडद्यावर उमटलं, 'मेले डॉक्टर'. मग एका गोड आवाजाने सांगितलं की आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

"कोन मेलं?" आत्याने विचारलं. मी सांगितल्यावर ती पोट धरून हसली. मला मात्र हसू आलं नाही. गटाचा प्रमुख ज्या बोलीत वाढला, तीच त्याच्या यंत्राला मरणाची वार्ता वाटत होती.

तो प्रसंग मी चित्रफितीसह गटात टाकला. ज्यांनी कधी कुणा म्हातारीला फोन धरून दाखवला नसेल, ते मला डेटा म्हणजे काय ते शिकवू लागले. एकाने गटात नकारात्मकता नको म्हणून बजावलं. प्रमुखाने शेवटी लिहिलं, "ताई, आत्याबाईंना जरा शुद्ध बोलायला सांगा." त्यालाही टाळ्या पडल्या. मी त्याच दिवशी गट सोडला आणि दवाखान्यात साधा फोन करून आत्याची वेळ घेतली.

दिवाळीत तो प्रमुख सेलूच्या बाजारात भेटला. हातात फुलांची पिशवी, कानाला फोन. "हो माय, मले उशीर होऊन राह्यला, तू जेवून घेजो," तो सांगत होता. फोन ठेवून माझ्याकडे वळला आणि कोरड्या पुणेरी मराठीत म्हणाला, "बोला ताई, कशा आहात?"

मी म्हटलं, "आता मायशी जे बोललात, ते तुमच्या ॲपला बोलून दाखवा."

तो ओशाळला असता तर मला थोडं बरं वाटलं असतं. पण तो उत्साहाने सांगू लागला की कंपनीला दुसऱ्यांदा भांडवल मिळतंय, बातमी लवकरच येईल. मी झेंडूचा भाव विचारायला फुलवालीकडे वळले.