बेरिलबाईंचं खरं वाक्य

बेरिल हॅलमबाईंच्या वर्गात खोटं वाक्य चालत नसे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावाच्या वाचनालयात दर गुरुवारी सकाळी त्या परमुलखातून आलेल्यांना इंग्रजी शिकवायच्या, तेही फुकट, आणि गेली बावीस वर्षं. नवा शब्द आला की प्रत्येकाने तो वापरून स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य सांगायचं आणि अख्ख्या वर्गाने ते जसंच्या तसं, 'मी'सकट, मोठ्याने म्हणायचं. पुस्तकातल्या वाक्यांनी जीभ वळते, पण शब्द आपला होत नाही, असं बाईंचं म्हणणं. कोणी उशिरा आलं तर त्या नुसत्या घड्याळाकडे बघायच्या.

त्या गुरुवारी फळ्यावर 'गिव्ह अप' होतं. व्यसन सोडा, नोकरी सोडा, बसमधली जागा सोडा, आशा सोडा, नाहीतर पोलिसांच्या स्वाधीन व्हा, सगळ्याला हेच दोन शब्द. इंग्रजांनी इथे भलतीच काटकसर केली आहे. युक्रेनचा बोहदान म्हणाला, "मी सिगारेट सोडली. चार वेळा." वर्ग हसला आणि लगेच चौदा जणांनी एका सुरात सिगारेट चार वेळा सोडली. एकाने बसमधली जागा एका बाईसाठी सोडली होती, तर ती 'मी काय इतकी म्हातारी दिसते?' म्हणून त्याच्यावरच उखडली होती. एरिट्रियाची सेनाइत म्हणाली, मी माझा देश सोडला. तेही सगळ्यांनी म्हटलं, जरा हळू आवाजात.

मग बोहदानने विचारलं, "आणि बाई, तुमचं?"

बाईंचं वाक्य ठरलेलं होतं: मी चहातली साखर सोडली. ते खोटं नव्हतं. पण बाईंच्या पर्समध्ये दहा दिवसांपासून एक पत्र होतं. १९६५ साली, सतरा वर्षांच्या कुमारी बेरिलला दिवस गेले, तेव्हा आईने तिला गावाबाहेरच्या, कुमारी मातांसाठीच्या एका आश्रमात नेऊन ठेवलं होतं. मुलगा झाला. सहा आठवडे तिने त्याला अंगावर पाजलं, आणि एका सकाळी स्वतः विणलेला स्वेटर घालून दत्तक संस्थेच्या बाईच्या हातात दिलं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आता हा विषय संपला." पुढे लग्न झालं, संसार झाला, नवरा वारला; त्यालाही कधी कळलं नाही. आता तो मुलगा अठ्ठावन्न वर्षांचा होता. ते पत्र त्याने स्वतः लिहिलं होतं, एकदा भेटायचंय म्हणून. मला का दिलंस, असं त्याने विचारलं तर काय सांगायचं, याची बाईंना भीती वाटत होती. नकाराचं उत्तर त्यांनी लिहून ठेवलं होतं. वर्ग सुटल्यावर ते टपालपेटीत टाकायचं होतं.

"मी," बाई म्हणाल्या, आणि साखर काही तोंडातून बाहेर येईना. "मी माझा मुलगा सोडला."

वर्गाला सवय लागलेली. चौदा जणांनी एकदम म्हटलं: मी माझा मुलगा सोडला. म्हणून झाल्यावर एकेकाला उमगलं, आपण काय म्हटलं ते. कुणी मान खाली घातली. बाई खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं जे वाक्य त्यांनी आरशासमोरसुद्धा उच्चारलं नव्हतं, ते आज चौदा लोकांनी त्यांच्याबरोबर उच्चारलं होतं. त्यांना शरम वाटली, पण त्याआधी रडू आलं, आणि रडता रडताच त्यांनी पत्राचं सगळं सांगून टाकलं. दुपारी नकार टाकणार आहे, हेही सांगितलं.

"कुठे राहतो तो?" सेनाइतने विचारलं.

"स्टॉकपोर्टला. दोन बस बदलल्या की झालं."

सेनाइतचा मुलगा सहा वर्षं सुदानात अडकला होता. त्याला इकडे आणायचे कागद पुरे होत नव्हते. ती उठली, खुंटीवरचा बाईंचा कोट काढला आणि त्यांच्यासमोर उघडून धरला.

"माझा मुलगा सुदानात आहे, म्हणून मी इथे बसलेय," ती म्हणाली. "तुम्ही इथे काय करताय, बाई?"

बाईंनी कोटाच्या बाहीत हात घातला.