भिंतीवरची आखूड बाजू

"दुसरी कर," असं थोरल्या दिरांनी माझ्या नवऱ्याला अंगणात सांगितलं, तेव्हा मी आत तिसऱ्या मुलीला पाजत होते. मला ऐकू जावं म्हणूनच ते मोठ्यानं बोलले. नवऱ्यानं त्यांचं ऐकलं नाही, पण मी ते विसरले नाही. आमच्या घरात थोरल्या दिरांसमोर सुना डोक्यावर पदर घेऊन गप्प राहतात, म्हणून मी वाट पाहिली.

धाडजवळच्या आमच्याच गावच्या शाळेत मी भूगोल शिकवते. यंदा नववीच्या पोरांना घरोघरी पाठवून सगळ्यांची वयं लिहून आणवली आणि शाळेच्या भिंतीवर गेरूनं गावाचा लोकसंख्या मनोरा काढला. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, पाच-पाच वर्षांचा एक पट्टा, तान्ही लेकरं तळाशी. तळ रुंद असला की गाव वाढणार, आखडला की आटणार. एवढं नववीतही कळतं. पंचविशी ते पस्तिशीच्या पट्ट्यांत उजवी बाजू कुणी चावा घेतल्यासारखी दिसत होती. ते पट्टे मी मुद्दाम गडद केले.

सव्वीस जानेवारीला दीर आले. ते शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचे दोन्ही मुलगे तिशी गाठून बिनलग्नाचे, पण भाषणात त्यांनी गाव कसं वाढतंय तेच सांगितलं. मग भिंतीकडे वळून मला विचारलं, "हे बाजू अशी तुटकी काऊन?"

मी छडी उचलली. शाळेच्या आवारात मी बाई होते, सून नव्हते.

"या वयाच्या पोरी लगन होऊन गेल्या म्हणाल, तर त्यायच्या जागी सुना यायले पाहिजे होत्या. आल्या नाई, भाऊजी. कोण्याच गावानं जन्मू देल्या नाई, तर येतीन कुठून? आता आयाच कमी, म्हणून खाली लेकरंही कमी. गाव आटून राह्यलं."

ते काही बोलायच्या आत बायकांतून माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, उठली. दोनदा त्यांनी तिला शहरात नेऊन तपासून घेतलं होतं आणि दोनदा पोट पाडून परत आणलं होतं. त्यावर ती कधीच बोलली नव्हती.

"बाई," ती सगळ्यांदेखत मला म्हणाली, "माह्या दोघी कुठी असत्या?"

मी छडीनं जागा दाखवली. गेरूचा डबा भिंतीशीच होता. तिनं त्यात बोट बुडवलं आणि उजव्या बाजूला दोन रेघा ओढल्या, थोरलीची वर, धाकटीची खाली.

दिरांनी गर्दीत उभ्या आपल्या मुलांकडे पाहिलं. ते दोघे त्या रेघांकडे बघत होते. मला फार बरं वाटलं, आणि आजही वाटतं.