हळदवाले भाई सरकारात जातात

आमचे चार जुने लोक चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, "जाधव, भाईंचा एखादा किस्सा काढ की!" एक काढावा तर त्याच्या मागं दुसरा आलाच. मला स्वतःलाच आता कळत न्हाई, कुठला कधी घडला.

भाई म्हणजे इकबालभाई. सांगलीत हळद पावडरीची कंपनी, त्याचे ते एमडी. मी कुंडलचा, त्यांचा पीए. महापुरात लोकांची हळद गोदामात भिजून कुजली, ते बघून भाई कितीतरी दिवस नीट जेवले न्हाईत. तेवढ्यात सरकारनं त्यांना गोदामं बांधायच्या एका मंडळाचं अध्यक्ष केलं. भाई म्हणाले, "जाधव, खुर्चीचं मला काय न्हाई. पुढच्या पावसाआधी कुंडलच्या माळावर गोदाम उभं करायचं, बास!"

कंपनीत होतं तसं इथंही होईल, असं वाटलं बिचाऱ्यांना!

•

पहिल्याच दिवशी भाई कंपनीच्या टायमाला, सकाळी सातला मंडळाच्या ऑफिसात हजर. दाराला कुलूप! बसले पायरीवर. शेजारी पाटणचे एक म्हातारे आधीच बसलेले.

"तुमचं काय अडकलंय?" म्हातारबांनी विचारलं.

"गोदाम."

"कुणाला भेटायचंय?"

"कुणाला न्हाई. मीच अध्यक्ष आहे."

म्हातारबांनी भाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय, व्हय. हितं बसून बसून डोस्कं फिरतंच बगा. च्या घ्या जरा."

मी पोचलो तेव्हा भाई म्हातारबांच्याच पैशानं चहा पीत होते.

•

भाईंचा नियम कडक. सरकारी गाडीत कंपनीचं बोलायचं न्हाई! म्हणून कंपनीची रिकामी गाडी कायम मागून यायची. कंपनीचा फोन आला की भाई उतरून मागच्या गाडीत, सरकारी आला की परत पुढच्या. मी फायली घेऊन मधे पळतोय. कुठल्या गाडीत बसावं तेच कळायचं न्हाई!

पाटणला सभा होती. गावाच्या वेशीजवळच कंपनीचा फोन आला. भाई मागच्या गाडीत बसले आणि त्या गाडीचा ड्रायव्हर दत्तू, भाईंना मोकळं बोलता यावं म्हणून, पुढच्या गाडीत जाऊन बसला. दार वाजलं तसं सरकारी ड्रायव्हरला वाटलं, भाईच बसले; गाडी निघाली की भुर्रकन! मीच मागची गाडी हाकत भाईंना घेऊन पोचलो तर दत्तू स्टेजवर, गळ्यात हार, हातात माईक.

"तुमच्या मागण्या रास्त हायत," दत्तू घाम पुसत म्हणाला. "बगू की आपण!"

टाळ्यांचा कडकडाट! मला ब्रह्मांड आठवलं. भाई मात्र शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलला. मी तरी दुसरं काय बोलणार होतो?"

•

धाकटा भाऊ सलीम कंपनी बघायचा. तो ऑफिसात आला तर भाईंचा निरोप: "भाऊ म्हणून आला असशील तर घरी ये. कंपनीकडून आला असशील तर रांगेत बस."

सलीम रांगेत बसला. दोन वाजून गेले, भाई भुकेनं कासावीस. घरी फोन लावला, "अगं, डबा कुठाय?"

भाभी म्हणाल्या, "सलीमभाईंबरोबर कवाच दिलाय की!"

मी बाहेर डोकावलो. सलीम डबा मांडीवर घेऊन बसलेला. म्हणाला, "भाईंना सांग, डब्याच्या पुढं अजून सहा जण आहेत!"

•

गोदामाचं मात्र पान हलेना. शेवटी मुंबईला मीटिंग लागली. मोठे सचिवसाहेब म्हणाले, "दोन वर्षं तरी लागतील."

दोन वर्षं! म्हणजे मधे दोन पावसाळे. भाईंचा चेहरा पडला. मला भडभडून आलं.

आमच्या हळदीच्या सौद्यात पूर्वी भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून आकडा सांगायचा. आता सौदे उघड होतात, पण जुन्या व्यापाऱ्यांच्या हातातनं ती सवय जात न्हाई. भाईंनी खिशातनं रुमाल काढला, सचिवसाहेबांच्या हातावर टाकला आणि आत आपला हात घातला!

सगळी मीटिंग त्या रुमालाकडं बघायला लागली. लोकांना वाटणार, लाच ठरतीय. जन्मभर जपलेली भाईंची अब्रू त्या रुमालाखाली! रुमाल हलतोय, सचिवसाहेब लालबुंद, नजर छताला.

"ठरलं!" भाई म्हणाले.

"हो... हो, ठरलं," सचिवसाहेब म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

लिफ्टमध्ये भाईंच्या डोळ्यांत पाणी. "जाधव, मी आठ महिने म्हटलं, तर गड्यानं चारच बोटं दाबली! असला दिलदार माणूस बाजारात पण बघितला न्हाई!"

मग कुठं काम अडलं की भाई मुंबईला फोन लावायचे, "साहेब, समक्ष येऊ का?" दुसऱ्या दिवशी मंजुरी! पाऊस यायच्या आधी माळावर पत्रा चढला, हळदीची पोती आत गेली.

उद्घाटनाला सचिवसाहेब आले होते. दोन्ही हात खिशात. भाई भाषणाला उठले तसे ते हळूच माझ्याकडं वाकले.

"जाधव, त्या दिवशी मी नक्की काय कबूल केलं होतं हो?"