भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या कांबळे मॅडम

भिंतीवर बेकायदा जाहिरात रंगवलेली दिसली की कांबळे मॅडम आधी तिच्यावरचा नंबर फिरवायच्या. "अहो, आपली जाहिरात वाचली. नाही, क्लास नकोय मला. आपणच यायचंय, भिंत पुसायला. येताना बादली आणा." आणि माणसं खरोखर यायची.

विश्रांतवाडी भागातल्या भिंती स्वच्छ ठेवणाऱ्या महापालिकेच्या पथकाच्या त्या प्रमुख होत्या आणि मी त्याच क्षेत्रीय कार्यालयात लिपिक. फोटो काढायला त्या मला सोबत न्यायच्या. प्रेमवीरांनी काढलेले बदामही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. "एवढं प्रेम आहे, तर निदान तिच्या नावाचं शुद्धलेखन तरी तपासायचं," म्हणत त्या ब्रश फिरवायच्या.

एका सकाळी मात्र फोन ठेवताना त्यांचा चेहरा उतरला. त्या स्वतः राहायच्या त्या बौद्ध वस्तीच्या बाहेरच्या भिंतीवर, वस्तीतल्या माणसांबद्दल कुणीतरी अतिशय घाणेरडं लिहिलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा गर्दीने रस्ता अडला होता. मॅडमनी मजकूर एकदाच वाचला. मला म्हणाल्या, "अक्षर न् अक्षर फोटोत आलं पाहिजे." तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. वातावरण तापायच्या आत पुसून टाका, असं त्यांचं म्हणणं.

"साहेब, पंचनाम्याआधी पुसलं तर पुरावा जाईल. पोलीस निघालेत. तोवर मी हात लावणार नाही."

हे ऐकून गर्दीतला एक तरुण पुढे आला. "पंचनाम्यानंतरही पुसायचं नाही! लिहिणारा सापडेपर्यंत राहू दे. सगळ्या पुण्याला दिसू दे!"

"दिसू द्यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गाडीतली ताडपत्री काढायला लावली आणि आमच्या माणसांनी ती भिंतीपुढे धरली.

"तुम्ही आपल्यातल्या असून झाकताय?" तो ओरडला. मागून लोक पुढे रेटू लागले. ताडपत्रीचं एक टोक कुणीतरी ओढलं. दूर कुठेतरी काच फुटली.

"आपल्यातली आहे, म्हणून मी वाचलंय. आता पोरांनी शाळेला जाताना तेच वाचत जायचं का?"

त्या गडबडीत एक म्हातारी वाट काढत पुढे आली. मॅडमची आई.

"काय लिवलंय गं सरू?"

"काही नाही आई. भिंत घाण केलीय कुणीतरी."

म्हातारीने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग गर्दीकडे. ती ताडपत्रीला पाठ लावून खाली बसली. तिला ओलांडून पुढे जायची कुणाची छाती झाली नाही. तो तरुण थांबला. "आजी, उन्हात कशाला बसता?" त्याने विचारलं. ती हलली नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला आणि मगच भिंतीवर रंग चढला. पुढे लिहिणारे पकडले गेले, तेव्हा ते फोटो कामी आले.

त्या दिवशी गाडीतून परतताना मॅडमना बाटलीचं झाकण उघडेना. मी उघडून दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आईला वाचता येत नाही याचं मला जन्मभर वाईट वाटलं. आज पहिल्यांदाच बरं वाटलं."

मी न राहवून म्हणालो, "पण मॅडम, त्यांना कळलं असेल."

"कळलंच," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "म्हणून तर बसली."