बिननंबरी काउंटी

माझा नवरा उज्ज्वल सीलबंद दुधाचाही वास घेऊनच चहा टाकतो. नोकरीही तसलीच, इथे सिंगापुरात बसून अमेरिकेचे डिजिटल नकाशे तपासायची. २०१४ साली तिथल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्याला राज्य महामार्गाचा एकही नंबर सापडेना.

“कुणीतरी मुद्दाम उडवलेत. कुठेतरी पाणी मुरतंय!”

तिथल्या कचेरीने कळवलं, आमच्याकडे नंबरचे महामार्गच नाहीत.

“चोर कधी कबूल करतो का?”

आठवडाभर जेवताना तेच दळण. माझं डोकं उठलं. शेवटी आमची मुलगी इरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, “पप्पा, आपल्या खिडकीसमोरच्या पीआयई एक्सप्रेसवेला तरी कुठे नंबर आहे? ओन्ली नेम, लाह!”

रोजच्या त्या रस्त्याकडे उज्ज्वल खिडकीतून डोळे बारीक करून बघायला लागला. मग हळूच म्हणाला, “इतकी वर्षं हे आपल्यापासून लपवलं कुणी?”