पडदा काढला अन् पाणी जोरात

तुमच्या गावच्या आरओ प्लांटमध्ये पडदा आहे का? पाटी असेल, नळ असेल, उद्घाटनाचा फोटोही असेल. मी आतल्या, क्षार गाळणाऱ्या पडद्याचं विचारतोय.

सोनाळ्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या आमच्या गावात हे विचारलं सुभद्राबाईनं. बाई भाजी विकते, शिक्षण चौथी. नवरा वामनराव आठवड्यातून दोनदा शेगावला डायलिसिसला जातो. तिथल्या नर्सनं तिला समजावलं होतं, किडनीतले बारीक पडदे रक्त गाळतात. यांचे गेले, म्हणून आता मशीनमधला पडदा गाळतो. खाऱ्या पाण्यानं नवऱ्याचे गेले ते गेले. पण नात प्रतीक्षा सहा वर्षांची. तिचे राहावेत, एवढंच बाईचं मागणं.

एक दिवस तुरीची डाळ शिजेना. खाऱ्या पाण्यात ती शिजत नाही, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. बाई तडक प्लांटवर.

"दीपक, डाळ शिजून नाही राह्यली. पाणी खारं हाय. मशीनमधला पडदा हाय ना जागेवर?"

ऑपरेटर साहेब मोबाइलमधून वर बघायला राजी नव्हते. "डाळच जुनी असन, काकू. पाणी पाह्य ना, कसं जोरात येते!"

दुसऱ्या दिवशी बाईनं ग्रामपंचायतीपुढं दोन चुली मांडल्या. डाळ एकाच डब्यातली. एका भांड्यात शेगावहून आणलेलं गोडं पाणी, दुसऱ्यात प्लांटचं. दीड तासात पहिलीचं वरण झालं. दुसऱ्या भांड्यात दाणे खडखडत होते.

सरपंच रंगराव बाहेर आले. लोकप्रतिनिधीच ते, गर्दी जमल्यावर येणारच.

"हे काय लावलं सुभद्राबाई?"

"जेवण. बसा." बाईनं दुसऱ्या भांड्यातलीच वाढली. "चावा सरपंच. काऊन थांबले?"

सरपंचांनी चावली. मग दीपकला प्लांट उघडायला लावला. पडद्याची नळी रिकामी!

"क्षारानं चोंदला होता, पाणी बारीक येई, रांग लागे. म्हणून काढला," दीपक म्हणाला. "लोक खूश होते ना!"

हाव, खूशच होते. आठ दिवस बोअरचंच खारं पाणी वाजतगाजत मशीनमधून फिरून कॅनमध्ये पडत होतं, अन् नळाला जोर आला म्हणून गेल्या ग्रामसभेत टाळ्या पडल्या होत्या. एक टाळी माझीही होती, ती अजून झोंबते.

चुली हटल्या नाहीत. रोज दोन भांडी, रोज सरपंचांना जेवणाचं आमंत्रण. सहाव्या दिवशी नवा पडदा आला. त्या पाण्यात डाळ मऊ शिजली, तेव्हाच बाईनं प्रतीक्षाला पेला भरून दिला.

आता तुम्ही एक करा. मूठभर तुरीची डाळ घ्या अन् तुमच्या प्लांटच्या पाण्यात शिजत घाला. नाही शिजली, तर भांडं घेऊन पंचायतीत जा अन् आधी सरपंचांना वाढा.